थंडी, दिवाळी अंक आणि ताईंची सुट्टी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



थंडी सुरू झाली की प्रत्येकाची मजा ठरलेली असते. कुणाला हुरडा आठवतो, कुणाला महाबळेश्वर, कुणाला शेकोटीभोवतीच्या गप्पा. मुलांना आधी दिवाळीची सुट्टी, मग नाताळची, मग संक्रांतीचा तिळगूळ. आमच्यासारखी पुस्तकवेडी माणसं या दिवसांत कुठं सापडतात म्हणाल, तर वाचनालयाच्या काउंटरपाशी.

"अमुक अंक आला का?"

"बाहेर गेलाय. परवा या."

"परवा नक्की?"

"नेलाय त्यांनी आणून दिला तर नक्की!"

हा संवाद दिवाळीपासून शिमग्यापर्यंत महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या वाचनालयांत रोज चालतो. आज मला या मोसमाविषयी बोलायचं आहे, आणि त्यातही काउंटरच्या पलीकडं बसणाऱ्या माणसांविषयी.

दिवाळी अंक ही मराठी माणसाची आवडती चैन. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही परंपरा सुरू झाली, असं मानलं जातं. बंगालमध्ये दुर्गापूजेच्या सुमारास शारदीय अंक निघतात, तशी आपली ही दिवाळी. शंभराहून अधिक वर्षं झाली, तरी दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात. कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं, पाककृती आणि वर्षाचं राशिभविष्य, सगळं एका अंकात. फराळाच्या ताटासारखंच म्हणा. ज्याला चिवडा आवडतो त्यानं चिवडा घ्यावा, ज्याला करंजी आवडते त्यानं करंजी.

मी कुपवाडचा. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली आणि आम्ही शहरवासी झालो. माझ्या लहानपणी कुपवाड गावच होतं. एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला एमआयडीसीतले कारखाने. वडील फौंड्रीत कामाला होते. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळेत मराठी. घरातली पुस्तकं म्हणजे कुराणशरीफ, आम्हा भावंडांची शाळेची पुस्तकं आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एवढंच. दिवाळीत शेजारच्या दोन-तीन घरांतून फराळाची ताटं यायची. ताट रिकामं परत पाठवू नये म्हणून आई त्यात साखर घालून द्यायची. ईदला शिरखुर्म्याची पातेली उलट दिशेनं जायची. आमच्या अंगणात आकाशकंदील कधी लागला नाही. दिवाळी अंक मात्र दर वर्षी घरात यायचा, कारण वडिलांच्या खात्यातले एक सहकारी वाचनालयाचे सभासद होते आणि त्यांच्या ओळखीनं वडिलांनीही वर्गणी भरली होती.

थंडीच्या रात्री आई गोधडी शिवत बसायची आणि मी अंक मोठ्यानं वाचायचो. आईला मराठी वाचता येत नव्हतं, ऐकायला मात्र फार आवडायचं. कथेतली सासू जरा वाईट वागली की सुई थांबायची. भविष्यावर आमच्या घरात कुणाचा विश्वास नव्हता. तरी वडिलांच्या राशीत काय लिहिलंय हे ती ऐकून घ्यायचीच. वडिलांची रास कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं बाराही राशी वाचाव्या लागायच्या आणि त्यांतलं जे जे चांगलं असेल ते आमचं, असा हिशेब होता.

'आवाज'चा अंक आधी वडिलांच्या हातात जायचा. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेला हा विनोदी अंक त्यातल्या खिडक्यांसाठी प्रसिद्ध होता. वरच्या चित्रात काहीतरी चावट दिसतंय असं वाटावं आणि कागदाची खिडकी उघडली की आत भलतंच साधं चित्र निघावं. वाचनालयाच्या प्रतीतली खिडकी पहिल्या आठवड्यातच लोंबकळायला लागायची, इतक्या हातांनी ती उघडलेली असायची. आम्हा मुलांसाठी 'किशोर' होता. बालभारतीनं १९७१ मध्ये तो सुरू केला. तो हातात पडला की भावंडांत आधी भांडण आणि मग वाचन.

पुढं एक वर्ष असं आलं की आई खूश झाली. २००५ मध्ये नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात लक्ष्मीपूजनही आलं आणि रमजान ईदही. आमचा चंद्राचा महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, त्यामुळं असा योग क्वचित येतो. त्या आठवड्यात ताटं आणि पातेली रस्त्यातच एकमेकांना भेटत होती. आईच्या पुढ्यात शिरखुर्मा होता आणि माझ्या मांडीवर दिवाळी अंक. ती म्हणाली, "आता वाच. आज दोन्ही आपलेच सण आहेत."

आता काउंटरच्या पलीकडं येऊ. बी.ए.ला असताना दोन हिवाळे मी संध्याकाळी एका वाचनालयात मदतनीस होतो. वाचकाला अंक दिसतो, त्यामागचं काम दिसत नाही. ते मला तिथं दिसलं.

दिवाळीच्या आधी आठवडाभर गठ्ठे यायला लागतात. प्रत्येक अंक नोंदवहीत चढवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे. एक शिक्का पहिल्या पानावर आणि एक आतल्या ठरलेल्या पानावर. ते आतलं पान कुठलं, हे बाहेर सांगायचं नाही. अंकाचं वरचं पान कुणी फाडलं तरी तो वाचनालयाचाच, हे त्या शिक्क्यावरून कळतं. मग शिवण. छापखान्यातली पिन दहा वाचकांच्या पलीकडं टिकत नाही. म्हणून दाभणानं भोकं पाडायची, जाड दोरा ओवायचा, पाठीला पट्टी चिकटवायची आणि वर प्लास्टिकचं कव्हर. एक अंक शिवायला दहा मिनिटं लागतात आणि असे शंभर-सव्वाशे अंक. बोटांना भोकं पडतात ती वेगळीच.

दिवाळी अंकांची वर्गणी नेहमीच्या वर्गणीपेक्षा वेगळी असते. सभासदाला छापील यादी मिळते. वाचून झालेल्या अंकापुढं तो टिकमार्क करतो. काही वाचक इतके शिस्तीचे की यादीतला एकही अंक सोडत नाहीत. काहीजण फक्त रहस्यकथांचे अंक नेतात. एक गृहस्थ होते, ते रोज येऊन अंक बदलून न्यायचे. एवढं रोज वाचून होतं का, असं विचारलं तर म्हणाले, "मी व्यंगचित्रं बघतो. बाकीचं मंडळी वाचतात." मंडळी म्हणजे घरच्या बाई. म्हणजे खरी सभासद घरात आणि नाव मात्र यांचं!

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, असे ते साधे नियम आहेत. ग्रंथपालाच्या परीक्षेत ते पाठ करावे लागतात. दिवाळी अंकांच्या मोसमात ते रोज अंगावर येतात. कुठल्या आजोबांना मोठ्या टाइपातला अंक हवा, कुठल्या बाईंना दुःखाची कथा सध्या नको कारण घरात आजारपण आहे, कुठल्या मुलाला विज्ञानकथा दिली तर तो उद्या पुन्हा येईल, हे काउंटरवरच्या माणसाला तोंडपाठ असतं. संगणकात ते कुठं भरून ठेवता येत नाही.

आपला सांगली जिल्हा तर या बाबतीत भाग्यवान. कारखान्यातून मासिक निघतं, हे खरं वाटेल का? किर्लोस्करवाडी आपल्याच जिल्ह्यातली. नांगर आणि पंप करणाऱ्या त्या वसाहतीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्रक होतं. त्याचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं, १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. तिन्ही मासिकांनी महाराष्ट्राच्या घराघरांत वाद घडवले आणि विचार पोचवले. फौंड्रीत काम करणारे माझे वडील ही गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगायचे. जणू पहिला अंक त्यांनीच साच्यातून काढला होता!

दुसरी गोष्ट आटपाडी तालुक्याची. पाऊस नाही, पाणी नाही, असा हा माणदेशी मुलूख. पण या एका तालुक्यानं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आधी 'मौज'च्या दिवाळी अंकात आली आणि मग १९५५ मध्ये तिचं पुस्तक झालं. म्हणजे मेंढरांमागं फिरणारी ती माणसं पहिल्यांदा मराठी वाचकाच्या घरी आली, ती दिवाळीच्या फराळाबरोबर.

हिवाळा आणि पुस्तक यांचं नातं जोडणारे आपण एकटेच नाही. उत्तरेला आइसलँड नावाचा देश आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या महापालिकेहून कमीच. तिथं हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून माल येणं अवघड झालं, पण कागद त्या मानानं मिळत होता. मग लोक नाताळला एकमेकांना पुस्तकं द्यायला लागले. १९४४ पासून तिथं दर वर्षी नव्या पुस्तकांची यादी छापतात. लोक त्यावर खुणा करतात, पुस्तकं घेतात आणि २४ डिसेंबरच्या रात्री भेट मिळालेलं पुस्तक उघडतात. त्या मोसमाला त्यांच्या भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ 'नाताळातला पुस्तकांचा पूर'.

पुस्तकांचा पूर! आइसलँडच्या माणसाला हा शब्द गोड वाटत असेल. सांगलीकराच्या अंगावर काटा येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. घरं गेली, दुकानं गेली, जनावरं गेली. त्यात पुस्तकंही गेली. १८६९ पासूनचं सांगली नगरवाचनालय पाण्यात सापडलं आणि पिढ्यांनी जपलेले ग्रंथ भिजून लगदा झाले. कुपवाड उंचावर आहे, पुराचं पाणी इकडं येत नाही. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या पुस्तकांचे ढीग रस्त्याच्या कडेला पाहिले, तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ओल्या पुस्तकाचं वजन किती होतं, ते ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक.

त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला आली. ज्यांच्या घरातलं सगळं वाहून गेलं होतं, अशातलाही एखादा वाचक विचारत यायचा, "यंदा अंक आहेत का?" त्या प्रश्नाचं मोल मला तेव्हा कळलं. पोटापाण्याची घडी बसल्यावर माणूस वाचतो, असं आपण म्हणतो. पण घडी विस्कटल्यावरही काही माणसं वाचनालयाचा जिना चढतात. तिथं दिवा लागलेला असावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

तो दिवा लावणारा माणूस कोण? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणं शासनाचं अनुदान मिळतं. २०१२ नंतरची दहा वर्षं 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत होते. नीट ऐका, महिन्याला नाही, वर्षाला. त्यातच पगार, पुस्तकं, मासिकं, वीजबिल आणि झाडू. २०२२ च्या अखेरीला शासनानं अनुदानात ६० टक्के वाढ केली. तरीही गावातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडतं, त्यात त्याचं घर चालत नाही, हे कुणीही हिशेब करून पाहावं. तो सकाळी दुसरीकडं काम करतो आणि संध्याकाळी येऊन कुलूप उघडतो.

आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात अशाच एक ताई आहेत. वाचनालयाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावातलंच समजा. सकाळी त्या शिवणकाम करतात, संध्याकाळी वाचनालय. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर तिथल्या समितीपुढं प्रश्न आला की यंदा दिवाळी अंकांची योजना बंद करायची का. अंकांच्या किमती तीनशे-चारशेच्या घरात गेलेल्या, सभासद निम्म्यावर आलेले, तरुण मंडळी मोबाइलमध्ये. प्रश्न चुकीचा नव्हता. पैसे आणायचे कुठून?

मी ताईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्या म्हणाल्या, "भाई, मी काय सांगू? मी तर दिवाळी अंक गुढीपाडव्याला वाचते."

"म्हणजे?"

"मोसमात सगळे अंक बाहेर असतात. एखादा परत आला तर पुढचा वाचक दारात उभा असतो. मी आधी घरी नेला तर बरं दिसेल का? सगळ्यांचं झालं की मग माझं. तुम्ही सुट्टीत वाचता. मला सुट्टी असते तेव्हा वाचनालय बंद असतं आणि अंक कपाटात."

वीस वर्षं अंक शिवणाऱ्या बाईनं एकही ताजा अंक दिवाळीत वाचलेला नव्हता. आम्ही आठ-दहा वाचक तिथं उभे होतो. कुणी काही बोललं नाही. मग एक निवृत्त पोस्टमन म्हणाले, "यंदा आपण ताईंना सुट्टी देऊ."

तिथून एक गंमत सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. दिवाळी ते संक्रांत या काळात आम्ही काही खेळ ठरवले. खर्च जवळजवळ नाही. ते सांगतो, कारण ते कुठल्याही गावात करता येतील.

पहिला खेळ बंद पुडीचा. पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो. त्यावरून कुठलं पुस्तक पाच-पाच वर्षं कपाटाबाहेर गेलं नाही ते कळतं. अशी पुस्तकं काढायची, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वर फक्त तीन शब्द लिहायचे. 'विहीर, भाऊबंदकी, चिंच' किंवा 'आगगाडी, पत्र, थंडी'. वाचकानं पुडी उचलायची आणि घरी जाऊनच उघडायची. किराणा दुकानातल्या पुडीसारखी पुस्तकं जायला लागली. एका रिक्षावाल्या मुलानं 'भाऊबंदकी' हा शब्द वाचून पुडी नेली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "हे आमच्याच घरातलं लिहिलंय."

दुसरा खेळ अर्धवट आठवणीचा. वाचक कसं पुस्तक मागतात, ते काउंटरवर बसल्याशिवाय कळत नाही. "लाल कव्हरचं होतं बघा. त्यात मास्तर असतो आणि शेवटी पाऊस पडतो." एवढ्यावरून ताई पुस्तक काढून देतात. आम्ही अशा मागण्या चिठ्ठ्यांवर लिहून फळ्यावर लावल्या. जो ओळखेल त्याला एक तिळगूळ. शाळेतली मुलं आजोबांकडं जाऊन विचारायला लागली, आजोबा मित्रांना फोन करायला लागले. एका चिठ्ठीचं उत्तर आम्हाला तीन आठवडे सापडलं नाही. शेवटी समजलं की ते पुस्तक नव्हतंच, मागणी करणाऱ्यानं एक सिनेमा पाहिला होता!

तिसरा खेळ एका तालुक्याच्या कपाटाचा. सुट्टीच्या महिन्यात एक फळी एका तालुक्याला द्यायची. पहिल्या वर्षी अर्थातच आटपाडी. माडगूळकर बंधू आणि शंकरराव खरात एका फळीवर आले. दुसऱ्या वर्षी वाळवा, म्हणजे वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. आपल्या मातीतला माणूस जगप्रसिद्ध लेखक आहे, हे मुलांना फळीवर दिसलं की वेगळंच वाटतं.

चौथा हुरड्याचा. जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली की एका वाचकाच्या शेतावर जमायचं. प्रत्येकानं दिवाळी अंकातलं आपल्याला आवडलेलं एक पान वाचून दाखवायचं. एकच अट, स्वतःची कविता वाचायची नाही. ही अट बहुधा माझ्याकडं बघूनच घातली असावी.

आणि पाचवा म्हणजे ताईंची सुट्टी. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी वाचनालय वाचकांनी चालवायचं. ताईंनी यायचंच नाही. त्यांनी आदल्या दिवशी यादीतून हवे ते दोन अंक घरी न्यायचे आणि दिवसभर वाचायचे. पहिल्या वर्षी निवृत्त पोस्टमन काउंटरवर बसले. अर्ध्या तासात त्यांनी परत आलेल्या अंकांची गावाप्रमाणं वर्गवारी करून ठेवली. सवय! दुपारी चार वाजता ताई दारात हजर. "सगळं ठीक आहे ना, बघायला आले," म्हणाल्या. आम्ही त्यांना आत येऊ दिलं नाही. त्या पायरीवरच बसल्या आणि पिशवीतून अंक काढून तिथं वाचायला लागल्या. येणारे वाचक त्यांना वळसा घालून आत जात होते.

योजना बंद झाली नाही. वर्गणी थोडी वाढवावी लागली, काहींनी एकेक अंकाची किंमत स्वतःहून उचलली. सभासद दुपटीनं वाढले वगैरे चमत्कार घडला नाही. पण जे होते ते टिकले आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलं यायला लागली. समितीच्या पुढच्या बैठकीत तो प्रश्न निघाला नाही.

श्रोतेहो, सुट्टीत घराबाहेर पडायचं असेल तर आपल्या भागात पुस्तकांच्या वाटा आहेतच. पाचगणीजवळचं भिलार मे २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं लोकांनी आपल्या घराच्या खोल्या, ओसऱ्या पुस्तकांना दिल्या आहेत. कुठलंही घर निवडावं, आत जाऊन बसावं, वाचावं. हिवाळ्यात तर स्ट्रॉबेरीचाही मोसम. वाचनालयाच्या कर्मचाऱ्यांची सहल काढायची तर याहून चांगली जागा नाही, फक्त तिथं गेल्यावर ते कव्हरं आणि शिक्के तपासत बसतील याची तयारी ठेवा! इकडं कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन संक्रांतीला भरतं. कवी सुधांशु आणि त्यांच्या सोबत्यांनी लावलेलं हे रोप १९३९ पासूनचं. गावातली माणसं लेखकाला बोलावतात, ऐकतात आणि हातावर तिळगूळ ठेवतात. त्याच्या शेजारच्या अंकलखोपची भिलारनंतर 'पुस्तकांचं गाव' म्हणून निवड झाली.

लांब जाणं जमत नसेल तर वाचनालय जवळच आहे. या सुट्टीत एक संध्याकाळ तिथं जा. मुलांना बरोबर न्या. जुन्या अंकांची पानं सुटली असतील तर अर्धा तास बसून दाभण-दोरा हातात घ्या. घरात पडून असलेले गेल्या वर्षीचे अंक रद्दीत घालू नका, ज्या वाचनालयाला नवे परवडत नाहीत तिथं द्या. तुमच्याकडं असलेला वाचनालयाचा अंक वेळेवर परत करा, कारण यादीत तुमच्यामागं कुणीतरी थांबलेलं आहे.

आणि काउंटरवर जे कुणी असेल, ताई, काका किंवा एखादा बी.ए.ला शिकणारा मुलगा, त्यांना एवढंच विचारा, "यंदा तुम्ही कुठला अंक वाचला?" उत्तर 'अजून नाही' असं आलं, तर पुढचा एक दिवस काउंटर तुम्ही सांभाळा. शिवण कशी घालायची, शिक्का कुठल्या पानावर मारायचा, हे ते दाखवतील. ते पान कुठलं, हे मात्र बाहेर कुणाला सांगू नका.